जेवताना झालेलं बोलणं

माझ्या तोंडाला लगाम नाही, हे आमच्या घरात मी सोडून सगळ्यांना आधीपासून माहीत होतं. मला त्याचं कधी काही वाटलं नाही. गाडी शिकवणाऱ्या बाईनं गोड बोलत बसायचं ठरवलं तर शिकणारा भिंतीत जाऊन बसेल. गल्लीत सगळे मला मास्तरीण म्हणतात. पाठीमागे ब्रेकबाई म्हणतात, तेही मला माहीत आहे, कारण माझ्या गाडीत डाव्या आणि उजव्या दोन्ही सीटपुढे ब्रेक आहे आणि तो मी जरा जास्तच दाबते असं लोकांचं मत आहे.

याच तोंडापायी मी त्या दाव्यात अडकले. झालं होतं असं, की आमच्या गावाबाहेर फ्रीजर बनवणारी एक मोठी कंपनी आहे. दुकानात, दवाखान्यात असतात ना, आडवे, वरून झाकण उघडायचे, ते. माझे मोठे दीर, म्हणजे भाऊजी, तिथेच जन्मभर नोकरीला. माल बाहेर पाठवायचं खातं त्यांच्याकडे. कंपनीचे शेअर दर वर्षी चढत होते, पेपरात फोटो येत होते, अध्यक्ष कात्रीनं फिती कापत होते. अर्ध्या गल्लीनं शेअर घेतले. मीही घेतले. दुसरी गाडी घेऊन शिकवणी वाढवायची म्हणून जे बाजूला ठेवलं होतं, ते सगळं त्यात घातलं.

मग एक दिवस बातमी आली की विकले म्हणून दाखवलेले फ्रीजर विकलेच नव्हते. भाड्याच्या एका शेडमध्ये नेऊन ठेवायचे आणि हिशेब झाले की परत आणायचे. त्या दिवशी बाजार उघडला आणि दुपारपर्यंत आमचे शेअर रद्दीच्या लायकीचे राहिले. आमच्या गल्लीतला शिंपी दुकानाच्या पायरीवर बसून राहिला. त्यानं सगळी साठवण त्यात घातली होती. गिऱ्हाईक आलं तरी उठेना.

शाळेच्या सभागृहात बैठक भरली. शहरातून एक वकीलबाई आल्या होत्या, तरुण, भराभर बोलणाऱ्या. त्यांनी समजावलं, की एकेकट्यानं कंपनीवर दावा लावला तर वकिलाची फीसुद्धा निघायची नाही. पण फसलेले सगळे मिळून एकच सामूहिक दावा लावला तर कंपनीला उत्तर द्यावं लागेल. हजारो लोकांच्या वतीनं एकाचं नाव पुढे ठेवायचं, न्यायाधीश त्या नावाला मंजुरी देतात, आणि त्या माणसानं सगळ्यांच्या वतीनं उभं राहायचं.

"कोण उभं राहतंय?" त्यांनी विचारलं. सगळे आपापल्या चपला बघायला लागले.

मला राग आला. मी उठले, "अरे, मघाशी बाहेर एवढे तावातावानं बोलत होतात, आता का दातखीळ बसली?" असं विचारायला. पण मी उठले एवढंच लोकांना पुरलं. टाळ्या सुरू झाल्या. माझं वाक्य तोंडातच राहिलं, आणि वकीलबाईंनी माझं नाव लिहून घेतलं.

आता घराचं सांगायला हवं. भाऊजी आणि वहिनी वरच्या मजल्यावर, आम्ही खाली. स्वयंपाकघर मात्र एकच, खाली. संध्याकाळचं जेवण चौघांचं एका टेबलाशी. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून असंच आहे.

दावा दाखल झाल्यावर वकीलबाईंनी बजावलं, "कंपनीच्या कुठल्याही नोकराशी या प्रकरणाबद्दल एक अक्षर बोलायचं नाही."

"कंपनीचा नोकर माझ्या शेजारी बसून जेवतो," मी म्हटलं.

"मग जेवा. बोलू नका."

भाऊजींनाही त्यांच्या वरच्यांनी अगदी हेच सांगितलं होतं, हे मला वहिनींच्या चेहऱ्यावरून कळलं. सुरुवातीला सोपं वाटलं. दावा सोडून बाकी जगात काय कमी विषय आहेत? पण दावा नको म्हणजे कंपनी नको. कंपनी नको म्हणजे भाऊजींना "आज उशीर झाला?" हे विचारायची सोय नाही. पैशांचं नको, मग भाज्यांचे भावही नकोत. एकदा वहिनी म्हणाल्या, "फ्रीजमध्ये फार बर्फ साठलाय," आणि आम्ही चौघंही दचकलो. माझा नवरा हसायला लागला, आणि आपल्याला एकट्यालाच हसू आलंय हे बघून गप्प झाला. पुढे पुढे टेबलावर चमच्यांचाच आवाज. मी रोज तिथे बसायचे, आणि मला वाटायचं की कोणीतरी खिडक्या बाहेरून बंद केल्यात.

यात एक गोष्ट अशी होती, की ती आम्हा चौघांनाच माहीत होती.

बातमी फुटायच्या काही आठवडे आधी, याच टेबलाशी, भाऊजी ताटाकडे बघत म्हणाले होते, "मास्तरीण, ते शेअर विकून टाक."

"का?"

"कारण विचारू नकोस. टाक विकून."

माझा दुसऱ्या गाडीचा बेत सगळ्यांना माहीत होता. वहिनींनी आधी एकदा टोमणाही मारला होता, की आता काय बाई, ताफाच निघणार. मला वाटलं, दिरांना बघवत नाही. मी तसं म्हटलंसुद्धा. "तुम्हाला माझं चांगलं बघवत नाही," म्हटलं, हातातला डाव भांड्यात आपटला आणि उठले. भाऊजी पुन्हा त्याबद्दल बोलले नाहीत. मी शेअर विकले नाहीत. पुढे काय झालं ते सांगितलंच.

वकीलबाईंनी सुरुवातीलाच विचारलं होतं, "मला माहीत असायला हवं असं काही आहे का?" मी नाही म्हटलं. तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं. आमच्याकडे जेवताना झालेलं बोलणं उष्ट्या ताटांबरोबर उचललं जातं. ते कुणी बाहेर नेत नाही, दुसऱ्या दिवशी उकरूनही काढत नाही. किती भांडणं त्या टेबलाशी झाली आणि तिथेच संपली. त्या बोलण्याला कोर्टात किंमत असेल असं माझ्या डोक्यातच आलं नाही.

ते डोक्यात आलं तेव्हा फार उशीर झाला होता. माझी जबानी व्हायची होती. वकीलबाई मला तयारी करून देत होत्या आणि सहज म्हणाल्या, "कंपनीला काही करून तुम्हाला हटवायचंय. दुसऱ्या कुणाचं नाव द्यायची मुदत गेली. तुम्ही अपात्र ठरलात तर दावाच पडला. समजा, ते असं दाखवू शकले की तुम्हाला आतून कुणी सावध केलं होतं, तर ते म्हणतील ही बाई बाकीच्यांसारखी फसलेली नाहीच."

"आणि सावध करणाऱ्याचं काय?"

"त्याचं काय! कंपनीची गुपितं बाहेर सांगितली म्हणून घरी बसवतील. निवृत्तीचं सगळं जप्त."

भाऊजींच्या निवृत्तीला एक वर्षही राहिलं नव्हतं. मी पाणी मागितलं. सांगून टाकावं असं फार मनात आलं. पण वकीलबाईंना सांगितलं की ते कोर्टापुढे येणार, आणि कोर्टापुढे आलं की भाऊजी गेले. नाही सांगितलं तर शपथेवर खोटं. मधूनच अंग काढून घ्यावं, तर न्यायाधीश कारण विचारणार. मी खुर्चीत बसल्या बसल्या सगळे रस्ते फिरून आले, आणि प्रत्येक रस्ता आमच्या जेवणाच्या टेबलापाशी येऊन संपत होता.

त्यात कळलं की भाऊजींनाही जबानीला बोलावलंय. माझ्याच बाजूनं, माल पाठवायच्या खात्याचे प्रमुख म्हणून. त्याच दिवशी, त्याच इमारतीत, दुसऱ्या खोलीत.

आता कल्पना करा. दोघं एका घरात. दोघांनाही एकच प्रश्न येणार. दोघांची उत्तरं जुळली नाहीत तर एक जण शपथेवर खोटं बोलल्याचं उघड होणार. आणि "तुम्ही काय सांगणार?" एवढं विचारायची सोय नाही, कारण वकील पहिलं तेच विचारतात, की दुसऱ्या साक्षीदाराशी बोललात का. वाटलं तर जिन्यात गाठून कुजबुजले असते. पण आम्ही दोघंही नको तिथे नियम पाळणारी माणसं. दोन आठवडे मी भाऊजींच्या चेहऱ्याकडे बघत होते. ते भाजीकडे बघत होते.

जबानीच्या आदल्या दिवशी शिंपी आला. हातात माझ्यासाठी शिवलेला कोट. "आपल्या सगळ्यांच्या वतीनं जाताय, मास्तरीणबाई. जरा बरं दिसायला पाहिजे." पैसे घेतले नाहीत. मापही घेतलं नव्हतं, लांबून बघून अंदाजानं शिवला होता. काखेत घट्ट होता. मी छान बसलाय म्हटलं. तो कितीतरी वेळ कॉलर सारखी करत राहिला.

सकाळी निघताना भाऊजी गेटपाशी उभे. बस चुकली होती. मी गाडीचं दार उघडलं. ते माझ्या शेजारी बसले आणि नेहमीसारखे पाय मागे ओढून सीटखाली घेतले. त्यांच्या पायांपुढे दुसरा ब्रेक आहे. इतक्या वर्षांत त्यांनी त्याला चुकूनही पाय लावलेला नाही. बाकी कुणीही त्या सीटवर बसलं की एकदा तरी गंमत म्हणून दाबून बघतंच. भाऊजी असे. मोकळ्या रस्त्यावरसुद्धा सिग्नल हिरवा होईपर्यंत थांबणारे. साहेबापुढे कधी आवाज चढवला नाही. मी त्यांना मनातल्या मनात घाबरट म्हणायचे. मनातल्या मनात कसलं, एक-दोनदा नवऱ्याला बोलूनही दाखवलं होतं. सगळ्या रस्ताभर आम्ही एक शब्द बोललो नाही.

माझी खोली लांबट होती. मधे टेबल, बाजूला टाइप करणारी एक मुलगी, खिडकीला पडदे ओढलेले. कंपनीचे वकील वयस्कर, हळू आवाजाचे, फार अदबीचे. मी शेअर केव्हा घेतले, का घेतले, पेपरात काय वाचलं, भाव बघत होते का, हे सगळं त्यांनी घोळवून घोळवून विचारलं. मी उत्तरं दिली. खरी होती, म्हणून पटापट आली. हात हलवून बोलायची माझी सवय, पण कोट हात उचलू देत नव्हता. सकाळ अशीच गेली. तो प्रश्न आला नाही.

जेवायच्या सुट्टीत खालच्या कँटीनमध्ये गेलो. जबानी पुरी होईपर्यंत वकीलबाईंनीही माझ्याशी साक्षीबद्दल बोलायचं नव्हतं, त्यामुळे त्या मला त्यांच्या मांजरीबद्दल सांगत होत्या. पलीकडे भिंतीजवळ भाऊजी एकटे जेवत होते.

मी त्यांचं ताट बघत होते. भाऊजींची एक सवय आम्हाला सगळ्यांना पाठ आहे. काळजी असली की त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. वहिनी दवाखान्यात होत्या तेव्हा हा माणूस चहावर जगला. त्या दिवशी मात्र त्यांनी ताट चाटूनपुसून साफ केलं, उठले, काउंटरवर गेले आणि पुन्हा वाढून आणलं. भाताचा ढीग. बसून शांतपणे खायला लागले.

मला कळलं. निदान मला वाटलं की कळलं. त्यांना प्रश्न विचारून झाला होता, आणि त्यांनी "असं काही बोलणं झालंच नाही" म्हणून सांगितलं होतं. खरं सांगून स्वतःच्या म्हातारपणाचं वाटोळं करणारा माणूस दुसऱ्यांदा वाढून घेईल का? मला हायसं वाटलं. आणि खरं सांगायचं तर थोडी किळसही आली. बघा म्हटलं, नोकरीसाठी शपथेवरचं खोटंसुद्धा पचवलं.

दुपारी पुन्हा त्याच खोलीत बसलो. कंपनीच्या वकिलांनी चष्मा पुसला.

"बाई, बातमी बाहेर येण्याआधी तुम्हाला कुणी शेअर विकायला सांगितलं होतं?"

मी मनात सगळं जुळवून ठेवलंच होतं. भाऊजी नाही म्हणालेत. मी हो म्हटलं तर ते खोटे ठरतील, नोकरी जाईल, शिवाय दावा पडेल. मी नाही म्हटलं तर भाऊजी वाचतील, शिंपी वाचेल, ज्यांची तोंडंही मी पाहिली नाहीत ते हजारो लोक वाचतील. फक्त मला एकदा खोटं बोलावं लागेल.

"नाही," मी म्हटलं.

"कुणीच नाही?"

"कुणीच नाही."

"घरात? जेवताना वगैरे?"

'जेवताना' हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकला आणि आपलं गणित चुकलंय असं वाटलं. पण आता मागे फिरता येत नव्हतं.

"नाही. जेवतानाही नाही."

त्यांनी समोरच्या कागदांतून एक पान काढलं. पलीकडच्या खोलीत सकाळीच टाइप झालेलं. अगदी हळू आवाजात वाचलं. "मी तिला म्हणालो, शेअर विकून टाक. कारण सांगितलं नाही. ती म्हणाली, तुम्हाला माझं चांगलं बघवत नाही. तिनं डाव आपटला आणि उठून गेली."

वकीलबाईंनी पेनाला टोपण लावलं. टाइप करणारी मुलगी माझ्याकडे बघत होती, बोटं तशीच कळांवर ठेवून, मी आता काय बोलते म्हणून. जन्मात पहिल्यांदा मला बोलायला काही सापडलं नाही.

बाहेर पॅसेजमध्ये वकीलबाई रागावल्या नाहीत, तेच मला लागलं. "मला आधी सांगायला हवं होतं तुम्ही," म्हणाल्या.

"जेवताना झालेलं बोलणं होतं ते."

"खरं सांगितलं असतं तर मी निभावून नेलं असतं हो. त्यांनी कारण दिलं नव्हतं. दीर म्हणाला विक, भावजय नाही म्हणाली, घरोघरी होतं. याला माझ्याकडे उत्तरं होती. शपथेवरच्या खोट्याला काय उत्तर देऊ?" त्यांनी घड्याळ बघितलं. "उद्या ते अर्ज करतील. न्यायाधीश तुम्हाला काढतील. दुसरं नाव नाही."

"म्हणजे सगळ्यांचं..."

"गेलं," त्या म्हणाल्या.

गाडी लावली होती तिथे भाऊजी उभे होते. त्यांना कळलेलं होतं. अशा इमारतींत बातम्या भिंतींतून लवकर पलीकडे जातात. मी दार उघडलं, ते बसले, पाय मागे घेतले. मी निघाले. गल्लीच्या तोंडाशीच शिंप्याचं दुकान आहे, आणि तो पायरीवर उभा असणार, हे मला दिसत होतं. दुसऱ्या रस्त्यानं घरी जाता येत नाही.

"आता बोलायला हरकत नसावी," भाऊजी म्हणाले. इतक्या महिन्यांनी त्यांचा आवाज नीट ऐकला. "संध्याकाळपर्यंत मला घरी बसायचं पत्र येईल."

"मग का सांगितलंत?" मी ओरडलेच. "तोंड उघडायची काय गरज होती? जन्मभर मिठाची गुळणी धरून बसलात आणि आज..."

"तुझ्यामुळे."

"माझ्यामुळे?"

"तुझ्या पोटात काही राहतं का? म्हटलं, ही काही खोटं बोलायची नाही. हिला जमायचंच नाही. ही खरं सांगणार, आणि मी नाही म्हणून बसलो तर लोक हिला खोटारडी म्हणतील. आधी ठरवता येत नव्हतं. दोन आठवडे घास गेला नाही. आज एकदा सांगून टाकलं आणि बरं वाटलं. सपाटून भूक लागली."

मी समोर बघत गाडी चालवत होते. कोट काखेत रुतत होता. स्टिअरिंग वळवायला हात पुरा उचलता येत नव्हता.

भाऊजींनी खिडकीची काच थोडी खाली केली. मग म्हणाले, "तू नाही म्हणालीस, म्हणजे तुला वाटलं असणार की मीही नाहीच म्हणालो."

मी गिअर बदलला.

"तुला खरंच वाटलं, मी शपथ घेऊन खोटं बोललो असेन?"

इथे टाइप करणारी मुलगी नव्हती. वकील नव्हते, शपथ नव्हती. काहीही सांगता आलं असतं. सावरून घेता आलं असतं, गोंधळ उडाला म्हणता आलं असतं, आणि भाऊजींनी ते मानूनही घेतलं असतं.

"हो," मी म्हटलं.

त्यांनी सीटखालचे पाय पुढे घेतले आणि ब्रेक दाबला. भर रस्त्यात गाडी गचका खाऊन बंद पडली. ते दार उघडून उतरले, दार हळूच लावलं, आणि फुटपाथवरून घराच्या दिशेनं चालायला लागले. मी हाक मारायला तोंड उघडलं, पण काय म्हणून हाक मारायची ते सुचेना. मागचे हॉर्न वाजवत होते. मी गाडी चालू केली, आणि मला पहिला गिअर सापडेना.